अडुसष्ट टक्के

मंगळवार, रात्री साडेदहा

आजचा रिव्ह्यू डोक्यातून जात नाहीये.

मी ज्यांची प्रोजेक्ट गाइड आहे, तो विद्यार्थ्यांचा ग्रुप द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं कॉम्प्युटर मॉडेल करतोय. सप्टेंबरात पहिल्या रिव्ह्यूला ९९ टक्के अॅक्युरसी, म्हणजे शंभरातली ९९ उत्तरं बरोबर, घेऊन आले, खुशीत होते. डेटा प्लांटव्हिलेजचा, म्हणजे पिकांच्या पानांच्या फोटोंचा तयार संग्रह. मी एवढंच विचारलं, "यात भुरी आणि केवडा कुठंय?" चौघंही गप्प. त्या डेटात द्राक्षाचे तीनच रोग आहेत. ज्यांच्यापायी आपला बागायतदार फवारणी करून मेटाकुटीला येतो, ते दोन्ही त्यात नाहीतच. शिवाय प्रत्येक फोटोत एकच पान, तेही तोडून साध्या कागदावर ठेवलेलं. २०१६ साली ज्या पेपरनं हा डेटा गाजवला, त्यातच नोंदलंय की बाहेरून आणलेल्या फोटोंवर ९९ चे ३१ टक्के झाले.

पोरांनी मनावर घेतलं. एकीच्या मामांची नारायणगावला बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर वाकडेवाडीहून एसटीनं चार रविवार गेले. मामांनी पान उलटं करून दाखवलं: केवडा वरून नुसता तेलकट डाग दिसतो, पांढरी बुरशी खालच्या अंगाला. तेव्हापासून ते प्रत्येक पानाचे दोन फोटो काढायला लागले. एका वेलीचे फोटो ट्रेनिंग (मॉडेलला शिकवणं) आणि टेस्टिंग (त्याला तपासणं) दोन्हीकडे जाऊ नयेत, नाहीतर आकडा उगाच फुगतो, हेही त्यांचं त्यांनाच सुचलं. मी सांगितलं नव्हतं.

अॅक्युरसी आली ६८.

आज पॅनेलवरच्या सरांनी आकडा बघितला, "एवढीच?" म्हणाले आणि पुढची स्लाइड मागितली. वेलींबद्दल एक प्रश्न नाही. निकालाच्या रकान्यात १० पैकी ४. पुढच्या ग्रुपच्या ९७ ला ९. टेस्टचा डेटा कुठून आणला, हे त्यांनाही कुणी विचारलं नाही. मला वाईट वाटलं ते याचं. आपण वर्षभर पोरांना सांगतो की स्वतःचं काम करा, आणि मार्क देताना आकडा बघतो.

संध्याकाळी मामांची भाची केबिनच्या दारात उभी. "मॅडम, एक्स्टर्नलला, बाहेरच्या परीक्षकांना, जुनाच आकडा दाखवू का?"

नाही म्हटलं. ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या छापील अहवालात, दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापा, खाली कारण लिहा, केवड्याच्या पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो लावा. एक्स्टर्नलनं विचारलं तर मामांनी दाखवलं तसंच दाखव.

टर्मवर्कचे, म्हणजे वर्षभराच्या कामाचे, मार्क माझ्याकडे आहेत. उद्या सकाळी कोऑर्डिनेटर सरांना भेटून त्या रकान्याबद्दल बोलायचं आहे. पहिल्या लेक्चरच्या आधीच.