बायबरीची आर्लिंग्टन रो : दगडी घरांची रांग आणि ती पाहण्याची रीत

मे महिन्यात आई इंग्लंडमध्ये रेडिंगला आमच्याकडे आली होती, तेव्हा ग्लॉस्टरशायरमधील बायबरी हे गाव आणि तेथील आर्लिंग्टन रो ही एकमेकींना चिकटलेल्या जुन्या दगडी घरांची रांग पाहण्याचा बेत आखला. रेल्वेने केंबलपर्यंत आणि तेथून सायरन्सेस्टरपर्यंत प्रवास सुरळीत झाला. पुढील अकरा-बारा किलोमीटरसाठी रविवारी बसच नाही, हे मात्र सायरन्सेस्टरला पोहोचल्यावर कळले. चूक सर्वस्वी माझी होती, कारण मी शनिवारचे वेळापत्रक पाहून निघाले होते. टॅक्सीने दुपारी पोहोचलो तर रांगेसमोरच्या अरुंद वाटेवर इतकी गर्दी होती की भिंतींपेक्षा माणसांच्या पाठीच अधिक दिसल्या. शेवटी सायरन्सेस्टरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा आलो, आणि पुढचे वर्णन त्या सकाळचे आहे.

रांग पाहताच आई म्हणाली, “अगं, ही तर चाळच की!” सामाईक भिंती, एकामागून एक दारे आणि अगदी दारापर्यंत आलेली वाट पाहून कोणालाही तसे वाटेल. परंतु चाळ मुळातच बिऱ्हाडांसाठी बांधली जाते, आणि येथे नेमके उलटे झाले आहे. १३८० च्या सुमारास ही इमारत मठाचे लोकर साठवण्याचे कोठार म्हणून उभी राहिली आणि सतराव्या शतकात तिचे तुकडे पाडून विणकरांची घरे करण्यात आली. हे एकदा लक्षात आले की रांगेतील बेशिस्त समजू लागते. दारांमधील अंतरे सारखी नाहीत, खिडक्या एका रेषेत नाहीत, धुरांडी जिथे चूल आली तिथून निघाली आहेत. लांबलचक कोठाराला माणसांच्या राहण्याच्या सोयीसाठी दिलेल्या या खाचा आहेत.

माझा सल्ला असा की पाहण्यास सुरुवात छपरापासून करावी. बहुतेक जण दारापुढची फुले आणि भिंतीचा रंग टिपून निघून जातात, पण या घरांचे खरे कसब डोक्यावर आहे. कौले मातीची नसून चुनखडीच्या दगडाच्या पातळ फरश्यांची आहेत. बायबरी ज्या कॉट्सवोल्ड भागात येते, तेथे असा दगड खाणीतून काढून हिवाळ्यात उघड्यावर ओला ठेवीत. त्याच्या थरांत मुरलेले पाणी गोठून फुगले की दगड आपोआप फाकत असे. अशा कौलाला वरच्या कडेला भोक पाडून त्यात ओकची खुंटी ठोकायची आणि ती रिपेवर अडकवायची, ही जुनी पद्धत. वळचणीला सर्वांत मोठी आणि जड कौले असतात व आढ्याकडे जाताना ती ओळीगणिक लहान होत जातात. जड कौले खालच्या भक्कम भिंतीजवळ राहतात आणि खाणीतून निघालेला लहानसहान तुकडाही वाया जात नाही, असा त्यामागे दुहेरी हिशेब आहे. कारागिरांनी प्रत्येक मापाला नाव दिले होते आणि त्यांतील एक चक्क ‘बॅचलर’ आहे! ही कौले काही प्रमाणात पाणी शोषतात, म्हणून पाऊस झटपट ओघळून जावा यासाठी पाखी चांगलीच उभी, पन्नास अंशांच्या आसपास ठेवतात. त्या उभ्या उताराखाली आयताच पोटमाळा मिळाला, आणि त्यात उजेड यावा म्हणून छपरातून त्रिकोणी माथ्याच्या खिडक्या काढल्या गेल्या.

पुलाच्या बाजूने उभे राहून आढ्याची रेषा डावीकडून उजवीकडे सावकाश पाहावी. ती सरळ नाही. शेकडो वर्षे दगडाचा भार वाहून खालचे लाकूड जागोजागी वाकले आहे आणि छप्पर त्याच्याबरोबर झोकांड्या खात गेले आहे.

भिंतींचा दगड ऊलाइटिक चुनखडीचा, म्हणजे ज्युरासिक काळात उथळ समुद्राच्या तळाशी माशांच्या अंड्यांसारखे बारीक गोल कण जमून झालेला. खाणीतून ताजा निघालेला हा दगड मऊ असतो आणि वाऱ्यावर राहून टणक होतो. आमच्या कोकणातील जांभ्याचा हा गुण येथेही भेटल्याने आईला विशेष आनंद झाला. दगडातील लोहामुळे रंग पिवळसर येतो. जाहिरातींत दिसणारा गडद मधाचा रंग मात्र उत्तरेकडील ब्रॉडवे, चिपिंग कॅम्पडन या बाजूला अधिक आढळतो. बायबरीचा दगड फिकट, राखाडीकडे झुकणारा आहे आणि त्यावर दगडफुलाचे पांढरे-पिवळे ठिपके आहेत. जवळून पाहिल्यास दगडांमधल्या फटी चुन्याने भरलेल्या दिसतात. अशा भिंतीला सिमेंट लावले की आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि दगडाचाच पापुद्रा सुटू लागतो, म्हणून जाणकार चुनाच वापरतात.

समोरच्या पाणथळ कुरणाला रॅक आयल म्हणतात. विणलेले कापड जवळच्या आर्लिंग्टन मिलमध्ये पाण्याच्या जोरावर कुटून घट्ट करीत आणि या कुरणात लाकडी चौकटींवर, म्हणजे रॅकवर, ताणून वाळवीत. नाव त्यावरून पडले. लोकरीतील तेलकटपणा काढण्यासाठी ग्लॉस्टरशायरच्या कापडधंद्यात जी माती वापरीत, ती आपल्याकडे मुलतानी माती या नावाने चेहऱ्याला लावतात. कुरण आता पक्ष्यांसाठी राखलेले असल्याने त्यात उतरू नये.

अमेरिकन मोटार-उद्योजक हेन्री फोर्ड यांना ही अख्खी रांग उचलून अमेरिकेला न्यायची होती, असे गावात सांगतात. ते खरे असो वा नसो, जवळच्या चेडवर्थमधील एक घर त्यांनी १९३० साली सुटे करून मिशिगनमध्ये नेऊन पुन्हा उभारले, हे मात्र खरे. आर्लिंग्टन रो जागीच राहिली, कारण त्याच सुमारास, १९२९ साली, रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने ती वाचवण्यासाठी विकत घेतली, आणि १९४९ पासून ती नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. घरांत आजही भाडेकरू राहतात. ९ क्रमांकाचे घर ट्रस्ट सुट्टीसाठी भाड्याने देते, पण त्याचे आरक्षण पुष्कळ आधी करावे लागते. बाकी घरे आतून पाहता येत नाहीत. खिडकीला नाक लावून आत डोकावणारे पाहुणे मी रविवारी स्वतः पाहिले आणि संकोच वाटला. रांगेजवळ उभी राहणारी एका वृद्ध रहिवाशाची पिवळी मोटार छायाचित्रांत येते म्हणून लोक कुरकुरत, आणि २०१७ साली कोणीतरी तिची नासधूसही केली. तेव्हा देशभरातील पिवळ्या मोटारींच्या मालकांनी गावातून मिरवणूक काढून त्यांना पाठिंबा दिला होता.

जाणाऱ्यांनी आठवड्यातील कामाचा दिवस निवडावा आणि साडेआठच्या आत पोहोचावे. दहानंतर शांतपणे पाहणे कठीण होते. लंडनच्या पॅडिंग्टनहून केंबल सुमारे सव्वा तासाचे अंतर आहे. बसची परतीची वेळ आधी लिहून घ्यावी, कारण फेऱ्या थोड्या आहेत. स्वतःची गाडी असल्यास गावातील वाहनतळाचे ताजे नियम पाहून निघावे. रांगेच्या टोकाकडून वर जाणाऱ्या चढाला ऑक्वर्ड हिल, म्हणजे अवघड टेकडी, असे नाव आहे आणि ते सार्थ आहे. आईचे गुडघे दुखत असल्याने आम्ही अर्ध्यावरून परतलो. मात्र तेवढ्या उंचीवरूनही छपरांची मागची बाजू दिसते, जिकडे क्वचितच कोणी फिरकते. सेंट मेरी चर्चमध्ये सॅक्सन काळातील बांधकामाचे अवशेष आहेत, त्यासाठी अर्धा तास ठेवावा. सोबत लहान दुर्बीण न्यावी; आम्ही नेली नव्हती, आणि कौलांच्या ओळी मोजताना आढ्याजवळच्या लहान ओळींत माझी मोजणी तीनदा चुकली.