मीठ होण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मावशीचे सोडियम कमी झाले. ज्या घरात सत्तरी ओलांडलेले माणूस आहे, त्या घराला हे वाक्य आता नवे राहिलेले नाही. ऐकणारा, धरणातल्या पाणीसाठ्याची चौकशी करावी तसे, ‘किती झालं?’ एवढेच विचारतो. मावशीचे १२१ झाले होते आणि ते १३५ ते १४५ यांच्या दरम्यान असावे लागते. त्याआधीचे दोन दिवस ती एका भाच्याचे नाव दुसऱ्याला देत होती आणि देवापुढचे निरांजन तिने फ्रिजमध्ये नेऊन ठेवले होते. आम्ही ते वयावर ढकलून मोकळे झालो होतो. रक्ताच्या तपासणीने खरे कारण सांगितले.

डॉक्टरांनी पाणी दिवसाकाठी एक लीटरवर आणले आणि सोडियम वाढवायचे तेही अगदी सावकाश, असे बजावले, कारण ते घाईने वर नेले तर मेंदूलाच इजा होण्याची भीती असते. तिसऱ्या दिवशी मावशी भानावर आली आणि आल्याबरोबर तिने मला धारेवर धरले. “काय रे, सोडियम म्हणजे तू कॉलेजात असताना पेटवलं होतंस तेच ना? ते माझ्या अंगात कुठून आलं? आणि पाणी प्यायला नको म्हणतात ते काय, पेट घेईल म्हणून?”

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर देताना अडखळलो. होय, तेच, असे म्हणावे तर ते खोटे होते आणि छे, ते वेगळे, असे म्हणावे तर तेही खरे नव्हते.

मी सोडियम पेटवले होते ही गोष्ट मात्र खरी आहे. बी.एस्सी.च्या वर्गात ऑरगॅनिक स्पॉटिंग नावाचे एक प्रकरण असते. हातात एक अनोळखी पांढरी पूड मिळते आणि तिच्यात नायट्रोजन, गंधक वा क्लोरीन आहे की नाही, हे शोधायचे असते. त्यासाठी बोटभर लांबीच्या फ्यूजन ट्यूबमध्ये सोडियमचा हरभऱ्याएवढा तुकडा आणि चिमूटभर पूड घालून ती नळी लालभडक होईपर्यंत तापवायची आणि तशीच चायना डिशमधल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवायची. नळी तडकते, आतले उरलेसुरले सोडियम फट्‌कन वाजते, आणि समोरचा विद्यार्थी दरवेळी न चुकता डोळे मिटून घेतो. पुढे नायट्रोजन असलाच तर गाळलेल्या पाण्यात गडद निळा रंग उतरतो. तो निळा पाहण्यासाठी आम्ही अर्धी दुपार घालवत असू.

हे सोडियम प्रयोगशाळेतले मामा वाटत. रॉकेलने भरलेल्या रुंद तोंडाच्या बाटलीत तळाशी करड्या-पांढऱ्या, खडूच्या ढेकळांसारख्या कांड्या पडलेल्या असत. चिमट्याने एक कांडी काढून मामा ती टिपकागदात दाबत, रॉकेल टिपून घेत आणि साध्या सुरीने कापत. धातू म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते, त्यातले काहीही येथे नसे; फ्रिजमधून काढलेल्या लोण्यात सुरी जावी तशी ती आत जाई. कापलेली बाजू मात्र चांदीच्या नव्या वाटीसारखी लखलखे, आणि आपण शेजारच्या मित्राला ‘बघ’ म्हणेपर्यंत तिच्यावर धुके चढू लागे. त्या काही क्षणांपुरते तेवढे खरे सोडियम दिसायचे. बाटलीतल्या ढेकळावरचा पांढरा थर म्हणजे हवेतल्या दमटपणाने आधीच गाठलेले सोडियम.

माझ्या हातून घडले ते इतकेच, की ज्या टिपकागदात मी माझा तुकडा दाबला होता, तो मी ओल्या सिंकमध्ये टाकला. कागदाला चार-दोन कण चिकटलेले होते. आधी तेल तापल्यासारखा चर्र आवाज आला, मग कागदातून वितभर उंचीची झगझगीत पिवळी ज्योत निघाली. मी शहाणपणाने नळाकडे हात नेला. मामांनी तो हात वरच्या वर पकडला, कोपऱ्यातल्या लाल बादलीतली कोरडी वाळू सिंकमध्ये ओतली आणि सगळा वर्ग ऐकेल अशा आवाजात म्हणाले, “आगीवर पाणी टाकतात. पाण्यानं लागलेल्या आगीवर काय टाकणार?” त्यानंतर उरलेले बारीक तुकडे त्यांनी माझ्यादेखत अल्कोहोलमध्ये टाकले. तेथे ते बुडबुडे सोडत, एखाद्या म्हाताऱ्याने पुटपुटावे तसे, शांतपणे संपून गेले. मामांचे शिक्षण किती झाले होते कोण जाणे, पण पाणी आणि अल्कोहोल यांच्या स्वभावातला फरक मला त्यांनीच दाखवला.

पाण्यात स्वच्छ, एकटा तुकडा टाकला, तर जे दिसते ते आगीपेक्षाही मोहक असते. सोडियम पाण्याहून किंचित हलके आणि रॉकेलहून जड, म्हणून बाटलीत ते तळाशी बसते आणि पाण्यावर मात्र तरंगते. पाण्याला टेकताच ते वितळते, कारण त्याला वितळायला ९८ अंश सेल्सिअस पुरतात आणि एवढी उष्णता त्याच्या स्वतःच्याच क्रियेतून निघते. मग त्या टोकेरी तुकड्याची क्षणात गोल गोळी होते आणि ती सुसाट, सूं-सूं करत, भांड्याच्या काठाकाठाने धावते. तापलेल्या तव्यावर शिंतोडलेला पाण्याचा थेंब नाचत पळतो, तो खेळ सर्वांनी पाहिलेला आहे. येथे तोच खेळ उलटा चालतो. पाण्याचा तवा आणि धातूचा थेंब. शाळेत आमच्या बाईंनी पाण्यात थोडी हळद कालवली होती. गोळी जेथून गेली तेथे तेथे तांबड्या रेषा उमटत गेल्या, कारण पाण्यात मागे उरतो तो कॉस्टिक सोडा आणि अल्कली लागली की हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या बायकांना हे रसायन बाईंच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

या सगळ्या धावपळीच्या मुळाशी एक इलेक्ट्रॉन आहे. सोडियमच्या अणूत इलेक्ट्रॉन ११ असतात. त्यांतले दहा आतल्या दोन कक्षांत नीट बसलेले आणि अकरावा एकटा बाहेर, जणू पडवीत. त्याला बाहेर काढायला फारसे प्रयास पडत नाहीत. पाणी भेटले की तो पाण्याकडे जातो, पाण्यातला हायड्रोजन सुटा होऊन बुडबुड्यांनी वर येतो, तापला तर पेटतो, आणि सोडियम एक इलेक्ट्रॉन कमी होऊन पाण्यात विरघळते. हिशेब लहान नाही. २३ ग्रॅम सोडियम, म्हणजे छोट्या लिंबाएवढा गोळा, पाण्याशी पूर्ण संपला तर सुमारे १८४ किलोज्यूल उष्णता निघते, जिच्यात अर्धा लीटर पाणी उकळेल. शिवाय १२ लीटरच्या आसपास हायड्रोजन मिळतो तो वेगळाच.

ही उष्णता आली कोठून, हा प्रश्न मला भडक्यापेक्षा जास्त गोड वाटतो. निसर्गात सुटे सोडियम सापडतच नाही. समुद्रात, खाणीत, आमच्या लोणारच्या खाऱ्या सरोवरात, सगळीकडे ते तो इलेक्ट्रॉन केव्हाच देऊन बसलेले असते. १८०७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून विजेचा प्रवाह सोडला आणि दिलेला इलेक्ट्रॉन त्याला बळेच परत घ्यायला लावला. काही दिवसांपूर्वीच त्यांनी याच रीतीने पोटॅशियम मिळवले होते आणि त्याचे चकाकते थेंब पाहून ते खोलीभर नाचले होते, असे त्यांच्या मदतनीस चुलतभावाने सांगून ठेवले आहे. आजही कारखान्यात वितळलेल्या मिठातून वीज सोडूनच सोडियम काढतात. तेव्हा बाटलीतली ती ढेकळे म्हणजे विजेच्या भरलेल्या बिलाची साठवण आहे, आणि माझ्या सिंकमध्ये जळले ते त्या बिलातले दोन-चार पैसे.

असे मोठे बिल एकदा अमेरिकेने सरोवरात बुडवले. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारकडे सोडियमची पिंपे पडून होती, ती कोणी घेईना. १९४७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या लेनोर सरोवरात, उंच कड्यावरून, ती एकेक करून ढकलून देण्यात आली. सरोवराचे पाणी मुळातच अल्कलीयुक्त होते, त्यामुळे आणखी कॉस्टिक गेल्याने बिघडण्यासारखे काही नाही, असा हिशेब होता. त्याचे चित्रीकरणही आहे. पिंप पाण्यात पडते, क्षणभर काहीच होत नाही, मग पांढऱ्या धुराचा आणि पाण्याचा खांब उसळतो आणि पिंप पाण्यावर उड्या मारत फिरते. आमच्या वर्गातली गोळी फिरे, अगदी तशीच. ते पाहताना लोणार आणि लेनोर या दोन अल्कलीच्या तळ्यांची नावेही जवळची निघावीत याचे मला हसू आले. अर्थात लोणारच्या नशिबी असला उद्योग आला नाही, हे बरेच झाले.

पण हा स्फोट नेमका का होतो, हे परवापरवापर्यंत कोणाला नीट सांगता येत नव्हते. पुस्तकात लिहिलेले असे, की हायड्रोजन निघतो, तो तापतो आणि पेटतो. त्यात एक खोच होती. धातू आणि पाणी यांच्यामध्ये हायड्रोजनचा आणि वाफेचा पदर तयार झाला की दोघांचा स्पर्शच तुटायला हवा आणि क्रिया मंदावायला हवी. तव्यावरचा थेंब इतका वेळ टिकतो तो त्याच कारणाने. मग येथे उलट भडका का? २०१५ साली प्राग येथे पावेल युंगविर्थ आणि फिलिप मेसन यांच्या गटाने सोडियम-पोटॅशियमच्या, नेहमीच्या तापमानालाही द्रव असणाऱ्या मिश्रधातूचा थेंब पाण्यात सोडला आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने त्याची छायाचित्रे घेतली. पाण्याला टेकल्यापासून एका मिलिसेकंदाच्याही आत त्या गुळगुळीत थेंबाला चहूबाजूंनी काटे फुटलेले दिसले, साळिंदराने अंग फुलवावे तसे. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन पाण्यात इतक्या झटक्यात निघून जातात की मागे राहिलेले धन प्रभाराचे अणू एकमेकांना जोराने लोटू लागतात आणि थेंब अक्षरशः स्वतःपासून फाटतो. प्रत्येक काटा म्हणजे पाण्याला नव्याने भिडलेले ताजे सोडियम. पदर धरायला उसंतच मिळत नाही. काट्यांभोवती क्षणभर निळसर-जांभळी छटाही दिसते, आणि ती पाण्यात नुकत्याच शिरलेल्या इलेक्ट्रॉनांची असते. दोनशे वर्षे वर्गावर्गांत दाखवलेला प्रयोग, आणि त्याचे पहिले मिलिसेकंद कोणीच पाहिलेले नव्हते.

याच धातूला आपल्याकडे कल्पाक्कम येथे कामालाही लावले आहे. तेथल्या १९८५ पासूनच्या ब्रीडर, म्हणजे चालता चालता नवे इंधनही घडवणाऱ्या, अणुभट्टीत उष्णता वाहून नेण्याचे काम द्रव सोडियम करते, कारण ते उष्णता झपाट्याने नेते आणि ८८० अंशांपर्यंत उकळत नाही. गंमत अशी, की त्या उष्णतेची शेवटी वाफ करावी लागते आणि वाफेला पाणी लागते. म्हणून वाफेच्या संयंत्रात नळीच्या आत पाणी आणि नळीच्या बाहेर सोडियम अशी दोघांची वस्ती असते, मध्ये केवळ काही मिलिमीटर पोलादाची भिंत. ती कोठे झिरपली तर पहिली खबर हायड्रोजन देतो, आणि सोडियममध्ये त्याचा मागमूस आहे का, हे यंत्रे अष्टौप्रहर हुंगत बसलेली असतात. सिंकमध्ये टिपकागद टाकणाऱ्या माणसाने त्या भिंतीविषयी फार बोलू नये. मी येथेच थांबतो.

मावशीला मी यातले थोडेसेच सांगितले. तिच्या रक्तात आहे ते सोडियम इलेक्ट्रॉन देऊन मोकळे झालेले आहे, ते कितीही पाण्यात निवांत राहते आणि पाणी कमी करायला सांगितले ते पेटेल म्हणून नव्हे, तर जास्त पाण्यात ते फारच विरळ झाले म्हणून, एवढे तिला पटले. “म्हणजे आमटीत पाणी जास्त झालं,” ती म्हणाली. डॉक्टरांना मी हे वाक्य सांगितले नाही, पण त्याहून बरे मला स्वतःला सुचले नसते.

आठवड्याने ती १३६ घेऊन घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी ओट्यापाशी उभी राहिली. वरण उकळत होते, मीठ पडलेले होते, आणि आमच्या गप्पांत ते उतू गेले. निळी ज्योत एकदम पिवळीजर्द झाली. ती पिवळी मी ओळखली. सिंकमधल्या कागदाची होती तीच. ज्योतीच्या उष्णतेत मिठातल्या सोडियमला निसटता का होईना, गेलेला इलेक्ट्रॉन परत मिळतो, मीठ होण्याआधीचा तो अणू पुन्हा उभा राहतो आणि विझता विझता आपला पिवळा प्रकाश फेकून जातो. मी मावशीचा हात धरला आणि म्हणालो, “हे बघ, ते हे. मी पेटवलं होतं ते.”

“आधी गॅस बारीक कर,” मावशी म्हणाली. “आणि उतू गेलं तेवढं मीठ वरून घाल.”