परतलेली भेंडी: तारेच्या सात खेपांच्या नोंदी

भेंडी बुळबुळीत झाली की बोल भेंडीलाच लावला जातो. पण तार हा भेंडीचा गुणधर्मच आहे, तो जाणार नाही. आपल्या हातात असतं ते पाणी: ते भेंडीला कधी लागलं, कुठून लागलं आणि कढईतून किती लवकर निघून गेलं. सात खेपा एकाच मापाने करून जे दिसलं ते खाली आहे.

माप असं: देठासकट ५०० ग्रॅम भेंडी, ३ टेबलस्पून तेल, पाऊण टीस्पून बारीक मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. भांडं पसरट, जाड, २८ सेंटिमीटर बुडाचं. चकत्या १ सेंटिमीटरच्या. दर खेपेला एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं.

निवडताना टोक वाकवून बघायचं. कोवळी भेंडी कट्‌कन मोडते, जून नुसती वाकते. जून भेंडीतले धागे कितीही परतले तरी मऊ पडत नाहीत, कारण ते लाकडासारखे कडक झालेले असतात. अशी एक जरी भेंडी आत गेली तरी घासाला लागतेच. नेहमीच्या वाणांची ७ ते १० सेंटिमीटरची भेंडी सहसा कोवळी निघते, पण काही वाण मुळातच लांब असतात, म्हणून लांबीपेक्षा टोकावर विश्वास ठेवावा. साठवणीला ७ ते १० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. त्याहून गार जागी राहिली की सालीवर काळपट डाग आणि खड्डे पडतात. फ्रिजमध्ये ठेवायचीच असेल तर सगळ्यात कमी गार कप्प्यात, कोरडी, कागदात गुंडाळून, आणि दोन-तीन दिवसांत संपवायची.

पहिली खेप मुद्दाम चुकीची केली: धुतली, निथळली आणि लगेच चिरली. तिसऱ्या-चौथ्या भेंडीलाच सुरीच्या पात्यावर तार चढली आणि चकत्या एकमेकींना चिकटायला लागल्या. त्याचं कारण असं. भेंडीच्या पेशींत लांब साखळ्यांची बहुशर्करा, म्हणजे साखरेचे रेणू जोडून बनलेलं द्रव्य असतं. गॅलॅक्टुरॉनिक आम्ल, रॅम्नोज आणि गॅलॅक्टोज हे तिचे मुख्य घटक. सुरीने पेशी फुटल्या की ती बाहेर येते. पाणी नसेल तर कापावरच जराशी ओलसर बसून राहते, पाणी मिळालं की फुगते आणि लांबते. निथळलेल्या भेंडीच्या लवेत आणि टोपीखालच्या खाचेत एवढं पाणी सहज अडकलेलं असतं.

दुसऱ्या खेपेत धुतल्यावर एकेक भेंडी सुती फडक्याने पुसली आणि कापडावर सुटी पसरून तासभर वाळवली. फरक चिरतानाच दिसला. तार होती, पण तोकडी. पातं उचललं की लगेच तुटत होती. सातही खेपांत एवढा मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही. बाकी काही पाळता आलं नाही तरी एवढं पाळावं. रात्री धुऊन पसरून ठेवली आणि सकाळी चिरली तर आणखी बरं. सुरी आणि पाट चिरताना धुवायचे नाहीत, कोरड्या फडक्याने पुसायचे.

तिसऱ्या खेपेत मिठाची वेळ बदलली. सुरुवातीलाच मीठ घातलं तर ते चकत्यांतलं पाणी बाहेर ओढतं. तेच पाणी कापावरच्या चिकाला मिळतं आणि कढईच्या तळाशी पातळ खळ तयार होते. मीठ शेवटच्या दोन मिनिटांत घातलं तर तोवर काप भाजून कोरडे झालेले असतात. माप घेताना भेंडीचं वजन निम्म्याच्या आसपास येतं हे ध्यानात असू द्या: कच्च्या ढिगाकडे बघून मीठ घातलं की भाजी हमखास खारट होते. पाऊण टीस्पून हे माप परतून झालेल्या साधारण २७० ग्रॅमसाठी आहे.

चौथी खेप भांड्यातल्या गर्दीची, आणि इथे थोडं गणित मांडायला हवं. टोप्या आणि टोकं काढली की ५०० ग्रॅमचे ४४० ग्रॅम उरतात. भेंडीत जवळजवळ ९० टक्के पाणी, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम. तयार भाजी २७० ग्रॅमची हवी असेल तर १७० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ व्हायला हवी. एक ग्रॅम उकळतं पाणी वाफेत जायला २.२६ किलोज्यूल उष्णता घेतं. म्हणजे भाजीला सलग १ किलोवॅट उष्णता मिळाली तरी निव्वळ वाफ काढण्यात सहा-सात मिनिटं जातात; बरीचशी उष्णता इकडेतिकडे जाते, म्हणून प्रत्यक्षात वेळ याच्या दुप्पट धरावा. हे पाणी बाहेर पडायला वाट लागते. २८ सेंटिमीटरच्या बुडावर २५० ग्रॅम भेंडीच्या चकत्या एका थरात बसतात. ५०० ग्रॅमचे दोन थर होतात आणि खालच्या थराची वाफ वरच्या थरात मुरते. ती भेंडी परतली जात नाही, वाफवली जाते.

म्हणून चौथ्या खेपेत दोन घाणे केले. दीड टेबलस्पून तेल मोठ्या आचेवर तापवायचं. एक चकती टाकली की लगेच चुरचुरली पाहिजे. मग अर्धी भेंडी पसरायची आणि चार मिनिटं तिला हात लावायचा नाही. सतत ढवळण्याचा मोह होतो, पण त्याने एका चकतीचा चीक दुसरीला माखतो, बिया सुटतात आणि एकही बाजू नीट भाजत नाही. चार मिनिटांनी पातळ धारेच्या उलथन्याने खालून उचलून उलटायची, आच मध्यम करायची, पुढे दर दीड-दोन मिनिटांनी एकदा.

या टप्प्यावर कढईकडे आणि तिच्या आवाजाकडे लक्ष द्यावं. पाचव्या मिनिटाला उलथनं उचललं की पांढुरक्या तारा त्याच्याबरोबर वर येतात, बोटभर लांब. इथे हात घाबरतो आणि झाकण शोधतो. थांबायचं. सातव्या मिनिटाला त्याच तारा केसासारख्या बारीक होऊन मधेच तुटतात. आठव्याच्या पुढे त्या दिसतच नाहीत; चकत्यांच्या कडांवर कोरडी, तपकिरी नक्षी उरते. आवाजही बदलतो: आधी ओला फसफसाट, मग सुटी, कोरडी चुरचुर. ती चुरचुर ऐकू आली की मीठ. एक घाणा नऊ-दहा मिनिटांत होतो. दोन्ही घाणे झाले की एकत्र करून मिनिटभर परतायचे.

झाकणाची पाचवी खेप थोडक्यात: पहिली चार मिनिटं झाकलं, आणि झाकणाला आतून जमलेलं पाणी परत भाजीत गळलं. तार दुप्पट वेळ टिकली, रंगही मळकट झाला.

सहावी खेप आंबटाची. आम्लाने तार पातळ पडते हे खरं आहे, म्हणून लिंबू सुरुवातीलाच पिळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. करून बघितलं. तार लवकर गेली, पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. एक, हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम आम्लात निघून जातं, त्यामुळे हिरवा रंग जाऊन शेवाळी तपकिरी येतो. दुसरं, आम्लात पेक्टिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं द्रव्य, सहज विरघळत नाही, म्हणून साल मऊ व्हायला जास्त वेळ लागला. आमच्या मते भेंडी नीट कोरडी केली असेल तर तारेसाठी लिंबाची गरजच उरत नाही; चवीसाठी ते आच बंद केल्यावर पिळावं. रंग टिकवायला खायचा सोडा घालणं तर नकोच. अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन विरघळतं आणि भेंडीचा गाळ होतो.

लोखंडी भांड्यात भेंडी काळी पडते, कारण तिच्यातल्या टॅनिनसारख्या तुरट द्रव्यांची लोहाशी प्रक्रिया होते. चवीत मोठा बिघाड नाही, पण आंबट घातल्यावर काळपणा वाढतो. स्टीलचं जाड बूड चांगलं. लाल भेंडी आणली असेल तर तिचा लाल रंग शिजताना उडतो आणि ती हिरवी दिसते. त्यात आपलं काही चुकलेलं नसतं.

सातव्या खेपेत भेंडी अख्खी ठेवली. टोपी पेन्सिलीला टोक करावं तशी शंकूसारखी तासायची, आतला कप्पा उघडा पडू द्यायचा नाही. पेशी कमी फुटतात, त्यामुळे तार जवळजवळ नाहीच. ओव्हन २२० अंशांवर पूर्ण तापवून, २ टेबलस्पून तेल चोळून, तव्यावर एका थरात १५ ते १८ मिनिटं. अर्ध्यात एकदा हलवायची. मीठ बाहेर काढल्यावर. कडा छान खरपूस होतात, पण मीठ-मसाला आतपर्यंत पोचत नाही, म्हणून लसूण किंवा तिखट तेलातच मिसळून घेतलेलं बरं. चकत्यांना लसूण घालायचा तर मिठाबरोबर शेवटी. सुरुवातीला घातलेला दहा मिनिटांत जळून कडू होतो.

झाल्यावर भाजी झाकून ठेवू नये. पसरट ताटलीत काढावी, नाहीतर स्वतःच्याच वाफेने कडा मऊ पडतात. उरलेली पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायची आणि गरम करताना पाण्याचा हबका न मारता, उघड्या तव्यावर दोन मिनिटं.