घेवड्याचे दाणे आणि 'कमळ'

परवा दुसरीतल्या एका पोराने मला 'आंबा' वाचून दाखवला. चित्राखाली छापलं होतं 'कैरी'. म्हटलं, नीट बघ की रे. तर म्हणतो, "बाई, आंबाच हाय न्हवं चित्रात." त्याचं काही खोटं नव्हतं. फक्त ते वाचन नव्हतं.

मग फळ्यावर 'कमळ' लिहिलं. क, म, ळ तिन्ही अक्षरं त्याला बिनचूक ओळखता येतात. कऽ, मऽ, ळऽ म्हणाला आणि गप्प. पुन्हा कऽ मऽ ळऽ. शेवटी चाचरत, "कामाळा?"

त्या रात्रीपासून मी फोनिक्सबद्दल, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडत वाचायला शिकवण्याच्या पद्धतीबद्दल, मिळेल ते वाचत सुटलेय. साताऱ्यात फोनिक्स क्लासचे फलक बघून मला वाटायचं, ही सगळी इंग्रजी शाळांची हौस. तसं नाही निघालं. अमेरिकेत २००० साली नॅशनल रीडिंग पॅनेलने आधी झालेले प्रयोग तपासून सांगितलं, की अक्षर आणि ध्वनी यांचं नातं क्रमाने शिकवलं तर मुलांचं वाचन सुधारतं. इंग्लंडमध्ये २००६ साली जिम रोझ यांचा फोनिक्सच्या बाजूने अहवाल आला आणि २०१२ पासून तिथे पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक छोटी चाचणी होते. शब्द ४०, त्यातले २० चक्क निरर्थक. अंदाज चालू नये म्हणून. आमचा आंबेवाला तिथे पहिल्या फटक्यात सापडला असता.

पण इंग्रजीत 'बट' आणि 'पुट'चं भांडण आहे. आपलं बऱ्यापैकी लिहू तसं वाचू. मग आमचं घोडं पेंड कुठे खातं?

'कमळ' मोठ्याने म्हणून बघा. शेवटच्या ळमधला अ बोलताना गायब होतो. वर्गात मात्र आम्ही तो ठासून म्हणून घेतो. पोराला जे ऐकू येतं, त्याचा तळ्यातल्या कमळाशी संबंधच लागत नाही. फोनिक्सवाले याबाबत फार कडक आहेत: म म्हणजे मऽ नाही, ओठ मिटून नुसतं म्‌म्‌म्.

ध्वनी मोजायला मी घेवडा आणला. कोरेगाव तालुक्यात दुसरं काय आणणार. एका ध्वनीला एक दाणा. शब्द दिला 'राजमा'. (घेवडाच तो, दुकानात गेला की राजमा होतो.) निम्म्यांनी तीन दाणे ठेवले: रा, ज, मा. बाकीच्यांनी दोन: राज्, मा. मी दोनवाल्यांना ओरडणार होते, मग लक्षात आलं, यांचा कान जास्त बरोबर आहे. र्, आ, ज्, म्, आ असे पाच दाणे कुणीच ठेवले नाहीत. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनावर काम केलंय, त्यात हेच आहे: आपल्यासारख्या लिप्यांत मुलांना अख्खं अक्षर लवकर कळतं, त्यातले सुटे ध्वनी उशिरा. आणि सगळी अक्षरं पक्की व्हायला वर्षं जातात. जाणारच. क ते ज्ञ ३६, गुणिले बाराखडी, झाली ४३२. जोडाक्षरं अजून उंबऱ्याबाहेरच.

म्हणून 'क ला काना का' बंद केलं. 'काना' हे खुणेचं नाव, ध्वनी नव्हे. ते म्हणता म्हणता पोरं शब्दच विसरतात. आमच्या ज्येष्ठ गुरुजींना हे रुचलेलं नाही. "आम्ही काय वाचायला शिकलो नाही का, मॅडम?" शिकलात की, पण तुमच्या बाकावरचे किती जण शिकले नाहीत? हे मी मनात म्हटलं.

इंग्लंडची युक्ती मात्र उचलली. कार्डांवर लिहिलं: टिमा, लुगो, बेप, धूकी. 'पोपट' घडाघडा वाचणाऱ्या दोघी 'टिमा'ला अडल्या. एक म्हणाली 'टमा', दुसरी 'इटमा'. दुसरीचं उत्तर मला फार आवडलं. पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते, कानाला नंतर येते. तिने दिसलं त्या क्रमाने वाचलं. चूक कुठे झाली ते इतकं स्वच्छ मला पाठ्यपुस्तकातल्या शब्दांवरून कधी कळलं नव्हतं.

आणि 'पाणी'चं 'पानी' वाचलं तर मी ते बरोबर धरते. घरात पानीच म्हणतात. इंग्लंडच्या चाचणीतही मुलाच्या बोलीचा विचार करायचा असतो. आपल्याच जिल्ह्यात, फलटणला राहून मुलांना वाचायला शिकवणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी तर पीएच.डी.च केली फलटणच्या बोलीवर.

आंबेवाला आता 'कमळ' वाचतो. 'सकाळ'ला अजून अडतो.

उद्या 'सूर्य' घेणार आहे. र ऐकू येतो सूच्या शेपटाला, आणि कागदावर बसतो यच्या डोक्यावर. रात्री ओट्यावर दाणे मांडून बघितले. एकदा दोन झाले, एकदा तीन, एकदा चार.