झेंडा इंग्रजांचा, कायदा फ्रेंचांचा

मॉरिशसला यायचं ठरलं की ओळखीतले लोक हमखास विचारतात, "तिकडे इंग्रजी चालतं ना?" चालतं. संसद इंग्रजीत, शाळेची पुस्तकं इंग्रजीत, गाड्याही आपल्यासारख्या डाव्या बाजूने. पण वर्तमानपत्रं फ्रेंच, आणि भाजीवाली, बस कंडक्टर, आमच्या शेजारच्या काकू हे सगळे आपसात बोलतात ते क्रिओल, म्हणजे फ्रेंचपासून घडलेली इथली बोली. इंग्रजांनी १५८ वर्षं राज्य केलं, तरी इंग्रजी कुणाच्या स्वयंपाकघरात शिरली नाही. याचं कारण १८१० सालात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. १५९८ मध्ये डच आले आणि आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला देऊन मोकळे झाले. जावाहून त्यांनी ऊस आणि हरणं आणली, त्यांच्याच काळात डोडो संपला, आणि १७१० मध्ये ते गाशा गुंडाळून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांच्या ला बुर्दोने या गव्हर्नरने पोर्ट लुई बंदर उभं केलं, आणि इथूनच आरमार सज्ज करून १७४६ मध्ये थेट मद्रास जिंकलं! पुढे सुरकूफसारखे फ्रेंच लुटारू कप्तान इथून निघून बंगालच्या उपसागरात कंपनीची जहाजं पकडू लागले. कलकत्त्यातले इंग्रज व्यापारी या बेटाच्या नावाने किती बोटं मोडत असतील!

ऑगस्ट १८१० मध्ये इंग्रज आरमार ग्रां पोर्टच्या खाडीत घुसलं आणि सपाटून हरलं. पॅरिसच्या विजयकमानीवर नेपोलियनच्या लढायांची जी नावं कोरली आहेत, त्यांत हे नाव आहे. दोन्ही बाजूंचे जखमी सेनापती, विलोबी आणि द्युपेरे, एकाच घरात उपचार घेत होते. माएबुर्गजवळच्या त्या घरात आता संग्रहालय आहे. किनाऱ्यांचा कंटाळा आला की तिथे जा, गर्दी नसते.

तीन महिन्यांत इंग्रज पुन्हा आले, या वेळी उत्तरेकडून. काप मालेरे इथलं लाल छपराचं चर्च तुम्ही पाहिलं असेल, आपल्याकडची नवी जोडपी ज्याच्यासमोर फोटो काढतात ते. त्याच भागातल्या किनाऱ्यावर फौज उतरली. तिच्यात हिंदुस्थानी शिपाईही होते. डिसेंबरात फ्रेंचांनी शरणागती पत्करली, पण अटी घालून: आमचे कायदे, आमचा धर्म, आमच्या चालीरीती तशाच राहतील. इंग्रजांनी मान्य केलं. त्यांना बंदर हवं होतं, मळेवाल्यांशी रोजची कटकट नको होती. म्हणून आजही इथे जमीनजुमला आणि वारसाहक्काची प्रकरणं फ्रेंच वळणाच्या, म्हणजे नेपोलियनच्या संहितेवर बेतलेल्या कायद्याने चालतात. माझ्या भाडेकरारासोबतची कागदपत्रं फ्रेंचमध्ये आली, तेव्हा नेपोलियनची आठवण काढावी लागली.

शेजारचं रीयुनियन बेटही इंग्रजांनी त्याच साली घेतलं होतं. तिथे चांगलं नैसर्गिक बंदर नव्हतं, म्हणून १८१४ च्या तहात परत देऊन टाकलं. आज ते सरळ सरळ फ्रान्सचा भाग आहे, चलन युरो. २००२ च्या १ जानेवारीला तिथे फ्रान्सच्या आधी दिवस उजाडला, आणि युरोतली पहिली खरेदी तिथल्या बाजारात झाली. काय घेतलं? किलोभर लिची.

१८३५ मध्ये इथली गुलामगिरी संपली, आणि मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. त्याची सुरुवात आदल्याच वर्षी झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलास' जहाजातून कराराने बांधलेले पहिले मजूर उतरले. पुढे साडेचार लाखांवर माणसं आली. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या हेच त्यांचं प्रवेशद्वार. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकणातले बरेच होते. सरकारी वहीत बापाचं नाव आडनाव म्हणून चढलं आणि तेच पुढे चाललं, त्यामुळे इथल्या मराठी माणसाच्या आडनावावरून गाव ओळखायचा आपला छंद साफ फसतो. पण गणपतीत जाखडीचा फेर धरतात (इथे तिला झाकरी म्हणतात), तेव्हा वेगळी ओळख लागत नाही. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. शाळेत मराठी शिकता येतं. घरी मात्र गप्पा क्रिओलमध्येच.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. दांडीयात्रेचा दिवस मुद्दाम निवडला होता. पण त्याआधीच, १९६५ मध्ये, इंग्रजांनी मॉरिशसची चागोस बेटं कापून घेतली होती. त्यांतल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ झाला आणि तिथल्या रहिवाशांना उचलून इकडे आणि सेशेल्सला सोडलं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बेटं अशी वेगळी काढणं बेकायदा असल्याचं मत दिलं. मे २०२५ मध्ये बेटं परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या, पण दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ठेवून. बंदर हवं, माणसांची कटकट नको, हा इंग्रजांचा हिशेब १८१० पासून फारसा बदललेला दिसत नाही.