ज्यूसर घेण्याआधी त्याची जाळी कुठे मिळते ते विचारा

आईचे उरलेले दात काढले आणि हिरड्या भरून कवळी बसेपर्यंत तिला चावून काही खाता येणार नव्हतं. मिक्सर घरात होताच, पण त्यात मोसंबी फिरवली की बिया फुटून रस कडू होतो. बिया निवडून काढल्या तरी फोडींच्या पांढऱ्या सालीचा कडवटपणा उतरतोच. गाजर-बीट पाणी घालून वाटायचं आणि फडक्यातून पिळायचं, हेही रोज होईना. म्हणून ज्यूसर घ्यायचं ठरलं.

निवड लवकर झाली. ज्यूसर-मिक्सर-ग्राइंडरमध्ये जाळी जोरात फिरते आणि रस बाहेर फेकला जातो. काम झटपट होतं, पण फेस फार येतो आणि चोथा ओलाच राहतो. कोल्ड प्रेसमधला स्क्रू मिनिटाला ५०-६० फेऱ्यांच्या आसपास सावकाश फिरत फळ दाबत नेतो, त्यामुळे आवाज कमी आणि चोथा बराच कोरडा. सेल्समन सारखा वॅटवर बोट ठेवत होता. त्याकडे लक्ष देऊ नका. चटणी वाटणारा मिक्सर ७५० वॅटचा असतो आणि कोल्ड प्रेसची मोटर बहुतेक वेळा १५० ते २५० वॅटची, कारण तिला वेग नको, गिअरमधून मिळणारा जोर हवा असतो. दोघांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही. मी कोल्ड प्रेस घेतला. डाळिंब, गाजर, बीट, आवळा, आलं सगळ्याचा रस सुरेख निघायचा आणि आई आवडीने प्यायची.

वर्षाच्या आतच जाळीच्या खालच्या कडेला तडा गेला. मशीन रोज धुतलेलं, फळं बारीक चिरून घातलेली, वॉरंटी चालू. कस्टमर केअरने तक्रार क्रमांक दिला. टेक्निशियन हात हलवत आला, फोटो काढले, ‘पार्ट मागवतो’ म्हणाला आणि जाता जाता मोबाइलवर आलेला ओटीपी मागू लागला. तो ओटीपी काम पूर्ण झाल्याची कबुली असतो. मी दिला नाही. तुम्हीही देऊ नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी. एवढं करूनही काही दिवसांनी मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ पार्टचा पत्ता नाही. पुन्हा फोन, पुन्हा नवा क्रमांक, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं.

शेवटी मी जाळी पिशवीत घालून सर्व्हिस सेंटरलाच गेले. काउंटरवरच्या मुलाने जाळी हातातही न घेता सांगितलं, ‘मॅडम, प्लास्टिक पार्ट वॉरंटीत येत नाही.’ मी वॉरंटी कार्ड पुढे केलं. त्यात वगळलेल्या वस्तूंत काच होती, रबर होतं, जाळी नव्हती. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, मॉडेल बंद झालंय, पार्ट येणार नाही. जिथून घेतलं त्या दुकानात तेच मॉडेल मांडून ठेवलं होतं. मी तिथे जाऊन किमतीच्या पट्टीसकट फोटो काढला आणि परत येऊन त्याला दाखवला. मग ‘साहेब बाहेर आहेत.’ पुढे हे साहेब नेहमीच बाहेर असायचे. घरात आईला भूक लागलेली, आणि एका वाटीएवढ्या जाळीसाठी अख्खं मशीन ओट्यावर पडून.

तोवर पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तापकीर गल्लीतही विचारून आले. मिक्सरचा कपलर, ब्लेड, बुश, झाकणाचं रबर, हवं ते तिथे मिळतं. एका दुकानदाराने सरळ सांगितलं, ‘ताई, मिक्सरचं काहीही मागा. याची जाळी ज्याची त्याच्याकडेच.’ मशीन घेताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे ठळकपणे लिहिते. दुकानात पैसे देण्याआधी विचारा, जाळी आणि स्क्रू सुटे मिळतात का, कुठे, केवढ्याला. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी कंपनी बघा.

मध्यंतरी आईचं मोसंबीवर भागलं. त्यासाठी हाताने दाबायचा साधा अॅल्युमिनियमचा प्रेस आणला, त्यात बिया फुटत नाहीत. घरात फक्त मोसंबी-संत्र्याचाच रस लागत असेल तर विजेवरचं मशीन घेऊच नका. केळं आणि आंबाही कोल्ड प्रेसमध्ये घालू नका, गर जाळीत अडकून बसतो. मिल्कशेक, पियूष, सोलकढीचं नारळाचं दूध ही मिक्सरचीच कामं. आणि जाळी लगेच धुवायची, जुन्या टूथब्रशने. बीट वाळलं की छिद्रं बुजतात.

गाडं हललं ते १९१५ वर फोन केल्यावर. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. बिल, वॉरंटी कार्डाचा फोटो, दोन्ही तक्रार क्रमांक आणि दुकानातला तो फोटो, सगळं तयार ठेवलं होतं. तक्रार नोंदवल्यानंतर कंपनीतून मला पहिल्यांदाच स्वतःहून फोन आला, आणि ‘न येणारा’ पार्ट आला. एक पैसाही घेतला नाही. टेक्निशियनसमोर गाजर घालून रस काढला, जाळी नीट बसल्याची खात्री केली, मगच ओटीपी दिला.

त्याच वेळी त्याला म्हटलं, आणखी एक जाळी विकत द्या, पुढे लागेल. सर्व्हिस सेंटरला विचारून कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही, आणि फोन केला तर किंमतही सांगत नाहीत.