आंबूस वास

येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या, होऊन चार दिवस झाले. जवारीच्या पिठाच्या आंबट आंबिलीची बिंदगी, ती छोटी घागर, घासून पालथी घातली, तरी तो वास माझ्या नाकातून जाईना. खरं म्हणजे वास बिंदगीचा नाहीच.

परवा रात्री अमेरिकेतून लेकाचा फोन आला. "आई, जवारीला मोड कसे आणायचे?" मी हातातलं काम टाकून बसले. मालदांडी जातीची जवारी घे म्हणाले, दिवसभर भिजव, पाणी दोनदा बदल, मग ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेव, तुझ्याकडच्या थंडीत तिला मोड फुटायचे नाहीत. तू लहान असताना तुझं सत्त्व असंच करायचे, हेही सांगितलं. किती दिवसांनी इतकं सलग बोलले. जन्मभर जवारी निवडली, दळली, थापली. ती कशी ओळखायची हे आजवर कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मग तो म्हणाला, बिअरसाठी पाहिजे.

तळघरात करतो म्हणे. तिकडं १९७८ साली घरी बिअर करायला मोकळीक देणारा कायदा झाला, घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन चालतात. म्हणजे साडेसातशे लिटर. पन्नास घागरी! मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

त्याच्यावर राग नाही आला. मला आनंद झाला होता, ते सलतंय. या घरात दारूच्या नावानं काय काय... जाऊ दे. पण त्याच गोष्टीसाठी मी हौसेनं शिकवत बसले, आणि शिकवताना सुखावले. कळल्यावरही तो आनंद पुरता गेला नाही. का नाही गेला?

तो काय करतो ते त्यानं समजावलं होतं. नुसत्या जवारीच्या मोडांतून पुरेशी साखर सुटत नाही, म्हणून मोड आणून वाळवलेली बार्ली जास्त, जवारी थोडी. दोन्ही भरडून ६५ अंशांच्या आसपास पाण्यात तासभर ठेवायची. गाळलेल्या पाण्यात ताकात असतात तसले जंतू सोडून ते आंबवायचं, मग उकळायचं, २० अंशांपर्यंत निववून यीस्ट घालायचं. एलचं यीस्ट म्हणतात त्याला. "येळवसीच्या आंबिलीची चव आणायचीय, आई. शेवटी पानचिंचोलीची चिंच घालणारे." त्या गावच्या चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही त्यालाच ठाऊक. लहानपणी येळवसीला शेतातल्या कडब्याच्या कोपीत बसून तांब्याभर आंबील एका दमात प्यायचा. ती चव तो तिकडं एकटा शोधतोय, आणि मी "बरं" म्हणून मोकळी झाले.

दोन्ही वास आंबण्याचेच. एकानं माझं अंगण भरायचं, दुसऱ्यानं छातीत धडधड व्हायची. नाकाला फरक कळायचा, दार उघडण्याआधीच. त्यांच्या चपलांचा आवाजसुद्धा... असो.

काल रात्री अंथरुणावर पडले आणि ताडकन उठले. किराळ! कोवळी जवारी खाऊन आमची काळी गाय गेली होती. तेच विष मोडांत असतं. सत्त्व करताना मी मोड वाळवून, कोंब अन् मुळ्या चोळून, पाखडून मगच दळायचे, पण हात सवयीनं चालायचे, म्हणून सांगायचं राहिलं. साडेदहा वाजले होते, त्याच्याकडं सकाळ. लावला फोन.

"कोंब ठेवू नको. वाळवून चोळ, सगळ्या मुळ्या निघाल्या पाहिजेत. ओले मोड तोंडात टाकू नको."

तो थोडा वेळ गप्प होता. म्हणाला, "मला वाटलं तू रागावलीस."

मी त्याचं उत्तर दिलं नाही. चिंच बिया काढून, उन्हं दाखवून पाठवते म्हणाले. खारवलेली घालू नको. आणि आंबायला लागलं की झाकण उघडून आधी वास घे. कसा येतोय ते मला सांग.